काय कापतलंस?

लाटंबार्स्याच्या त्या लोहारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, म्हातारा भट्टी बंद करून हरमलला लेकीकडे राहायला गेला, आता तूही सोड. का सोडू? आमच्या पाळी गावाहून लाटंबार्स्याला मी स्कूटरवरून बारा खेपा घातल्या. त्यातल्या अकरा खेपांना त्याने मला हात हलवत परत पाठवलं, आणि बाराव्या खेपेला, जेव्हा तलवार माझ्या हातात पडायची, तेव्हा त्याने जे केलं ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तुम्ही त्याच्या बाजूचे व्हाल. सगळे होतात. माझी बायकोसुद्धा झाली.

दिसायला माणूस किरकोळ. कमरेला पंचा, अंग उघडं, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी कानामागून ओढलेली. मूळचा दोडामार्गाकडचा, त्यामुळे बोलणं मालवणी, आणि तेही मोजकं. बोलताना तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. मी पंचायतीत कारकून आहे. माझ्या तळव्यांकडे तो असा बघायचा की मला ते खिशात घालावेसे वाटत.

भट्टी पडवीला लागून, काजूच्या झाडांखाली. पूर्वी भाता बायको ओढायची. तिचा खांदा धरला तेव्हा हरमलच्या लेकीने केस सुकवायचं एक यंत्र आणून दिलं. लेक खोल्या भाड्याने देते, तिच्याकडे उतरलेली कुणी गोरी बाई ते विसरून गेली होती. गुलाबी रंगाचं. म्हाताऱ्याने ते एका लोखंडी नळीला बांधलं आणि त्यावर निखारे फुलवू लागला. ते घोंघावत असताना तो कुणाशी बोलत नसे. तेव्हा गिऱ्हाइकांशी बोलायचं काम बायकोचं. ती दारातल्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसून प्रत्येकाची चौकशी करी, आणि नवऱ्याला ऐकू जात नाही या भरवशावर त्याच्याविषयी हवं ते सांगे.

त्याच्याकडे काहीही मागायला जा, तो एकच विचारी.

"काय कापतलंस?"

कोयती हवी म्हणालात तर सुटका नव्हती. काजूच्या फांद्या की बांधावरचं रान? उभ्याने की बसून? एकदा माझ्यासमोर एक बाई आडाळो, म्हणजे विळी, करून घ्यायला आली होती. त्याने तिला तिथेच भट्टीसमोरच्या मातीत बसायला लावलं. कुठला पाय दुमडतेस, मासळी कुठल्या हातात धरतेस, सगळं करून दाखव म्हणाला. बाई लाजली, पण बसली. बाई डावखुरी निघाली. त्याने पातं उलट्या अंगाने पाजवून दिलं. पुढच्या महिन्यात ती पिशवीभर काजू घेऊन आली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "गे, इतकी वर्सां माका दिसतालें, माकाच चिरूंक कळना." इतकी वर्षं ती चूक आपलीच समजत होती.

हे ऐकायला गोड वाटतं. माझ्या जागी असतात तर कळलं असतं.

हरमलच्या किनाऱ्यावर झावळ्यांचं हॉटेल चालवणारा एक शॅकवाला आला होता, त्याला भिंतीवर लावायला दहा तलवारी हव्या होत्या. लोहाराने विचारलं, काय कापतलंस? तो म्हणाला, कापायचं काही नाही, नुसत्या टांगायच्या. लोहार आत गेला, दहा खिळे घेऊन आला, त्याच्या तळहातावर ठेवले आणि यंत्र सुरू केलं. शॅकवाला बिचारा खिळे घेऊन गेला. मी मात्र गेलो नाही. मला जाऊन चालणार नव्हतं.

आमच्या वाड्यावर शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी तोंडाचा, कापडी झुलीचा घोडा बांधायचा, डोक्याला फेटा, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात नंगी तलवार, आणि ढोल-ताशांवर नाचायचं. सात घोडे, सात घरं. त्यातला एक घोडा आमचा. तो आजोबांनी नाचवला, मग बाबांनी. बाबांचे गुडघे गेले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि घोड्याबरोबर घरची तलवारही आली. काळपट, डागाळलेली, मुठीवरची पट्टी घामाने मळून गेलेली.

इथून माझा मूर्खपणा सुरू होतो. तो लपवण्यात अर्थ नाही, पाळीत तो शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

टीव्हीवरच्या सगळ्या तलवारी कशा लखलखतात. आमचीच का काळी, म्हणून मी ती म्हापशाला एका वर्कशॉपमध्ये दिली. तिथे मोटारसायकलींच्या सायलेन्सरना चकाकी देतात. त्यांनी ती आधी अ‍ॅसिडात घातली, मग चाकावर घासली. मी म्हटलं, अजून चमकू दे. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा घासली. घरी आणली तेव्हा तिच्यात बघून मी भांग पाडला. दसऱ्याला पूजा झाली. अंगणात चुलत भाऊ उभा होता. त्याच्यासमोर काहीतरी करून दाखवावं म्हणून मी अंगणाच्या कडेच्या केळीवर वार केला. केळ म्हणजे उभं पाणी. माझ्या हातात मूठ आणि वीतभर पातं राहिलं. उरलेली तलवार केळीत.

चुलत भाऊ म्हणाला, "बरें वांटलें तुवें. अर्दी केळीक, अर्दी तुका."

बाबा पायरी उतरून खाली आले. केळीतला तुकडा त्यांनी ओढून काढला, माझ्या हातातला घेतला, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले. हा ट्रक त्यांचा. त्यांनी खाणीवर मालवाहतूक केली ती याच्यावर. खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो अंगणात फणसाखाली उभा आहे. शेजाऱ्यांनी आपापले ट्रक भंगारात काढले, बाबांनी नाही. ते रोज सकाळी केबिनमध्ये बसून पेपर वाचतात. कौल फुटलं तरी मला तासभर बोलणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घोड्याचा विषय तर त्यांनी टाकूनच दिला, आणि मला ते बोलणी खाण्यापेक्षा वाईट वाटलं.

वाड्यावरच्या गावकराने निवाडा दिला. सांधलेली तलवार चालत नाही, दुकानातली चालत नाही. घडवून आणलेली पाहिजे. शिगम्यापर्यंत आणली तर घोडा आमचा, नाहीतर तो चुलत भावाच्या घरी जाणार. कायमचा.

म्हणून मी लाटंबार्स्याला गेलो. जायच्या आधी अभ्यास केला. सरळ, लांब पात्याची, मराठ्यांच्या वापरातली ती फिरंग, हे मी वाचलं. समोरच्यावर छाप पडावी म्हणून शुद्ध मराठीत म्हटलं, "मला ऐतिहासिक पद्धतीची फिरंग घडवून हवी आहे."

त्याने यंत्र बंद केलं. "फिरंग्यांची कामा मी करणंय नाय. हरमलाक जा."

"अवो, ता तलवारीचा नाव असा," बायको कदेलवरून म्हणाली.

"नाव माका नको. काय कापतलंस?"

मी म्हटलं, कापायचं असं नाही. वारसा आहे. अस्मितेचा प्रश्न आहे.

"अस्मिता म्हणजे खंयचा झाड?"

मी तरीही हटलो नाही. सांगितलं की आमचे पणजोबा सरदार होते.

"कोण म्हणता?"

"आम्हीच म्हणतो."

तो पहिल्यांदा हसला. तेव्हापासून मी त्याचा सरदार. "इले, सरदार इले," असं तो काजूच्या झाडांपलीकडून माझी स्कूटर दिसल्याबरोबर म्हणायचा, आणि भट्टीशी बसलेली चार माणसं वळून बघायची. एका कारकुनाने हे किती वेळा सोसावं?

पुढच्या खेपांना मी वेगवेगळी उत्तरं घेऊन गेलो. शत्रू कापणार, म्हटलं. शत्रूचं नाव विचारलं. मी चुलत भावाचं नाव सांगितलं. "त्येका काठी पुरा," म्हणाला. मग म्हटलं, नारळ कापणार. त्याने माझे हात बघितले आणि बायकोला म्हणाला, "सरदारांका सोललेलो नारळ दी." पाचव्या खेपेला मी चिडून विचारलं की तुम्हाला काम करायचंय की नाही? तो म्हणाला, "काम तूच सांगणंस नाय."

मधल्या काळात मी लोखंडही नेलं. चांगलं परदेशी पोलाद म्हणून म्हापशाहून पट्टी विकत घेतली. त्याने ती ऐरणीवर टाकली, कान देऊन ऐकली आणि परत दिली. "आवाज बरो. पण ह्या तुका वळखणा नाय. तुज्या घरचा लोखंड हाड." मी जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, जुना गज नेला. त्याने तो गुडघ्यावर वाकवून दाखवला. सांगा, तलवार करून घ्यायला गेलेल्या माणसाने घरातलं काय काय उपटून न्यायचं?

शिगमा महिन्यावर आला. चुलत भाऊ अंगणात येऊन आमच्या घोड्याची उंची मोजून गेला. आपल्या कमरेला तो ढिला होईल का, असं माझ्या आईला विचारून गेला.

शेवटी मी बाबा अंघोळीला गेलेले बघून केबिनमधलं ते वर्तमानपत्राचं गुंडाळं काढलं आणि लाटंबार्स्याला नेलं. म्हटलं, हे घ्या घरचं लोखंड, वितळवा आणि करा.

त्याने कागद उलगडला. दोन्ही तुकडे उजेडात धरले. मग, इतक्या महिन्यांत प्रथमच, त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"ह्याची कातडी कोणी काढली?"

मी सांगितलं. अ‍ॅसिड, चाक, दोनदा. भांगाचंही सांगितलं, कसं कुणास ठाऊक. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला, पण तो हसला नाही.

"ह्या संपला," म्हणाला. "ह्या बापाशीक परत दी. आता खरा सांग. ही तलवार काय करी?"

मला आता लपवायला काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "नाचायची. शिगम्याला. आम्ही घोडा नाचवतो. कापत काहीच नाही. आजोबांच्या वेळेपासून तिने एक केळ कापली, ती मी."

त्याने हातातले तुकडे कागदावर ठेवले. मग ओरडलाच जवळजवळ. "मगे ह्या पयल्या दिसाक सांगूक काय झाला तुका? नाचूचा ह्या काम न्हय? नाचूची तलवार येगळी. तोल मुठीत व्हयो, नायतर धा मिनटात मनगट जाता. धार नको, शेजारचो घोडो कापशीत. फिरंग म्हणे." आणि त्याने मला उभं करून उजवा हात लांब करायला लावला, काथ्याने खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं आणि काथ्याला गाठी मारल्या. चार महिने. चार महिने मी एक शब्द चुकवत होतो म्हणून या माणसाने मला पळवलं. याला न्याय म्हणायचा?

"आता लोखंड," म्हणाला. "तुज्या घरातली माणसा खंयच्या लोखंडार जेवली?"

मी म्हटलं, मी कॉम्प्युटरवर काम करतो.

"तुजा नाय विचारणंय. तुका कोणी भरवल्यान?"

त्याचा अर्थ मला रस्त्यात कळला, आणि मी इतका संतापलो की स्कूटर बाजूला घेऊन उभा राहिलो. ट्रकचे पाटे. ट्रकच्या चाकावर एकावर एक बसवलेल्या त्या कमानदार पट्ट्या, ज्यांच्यावर सगळं वजन झुलतं. इकडचे लोहार त्यांच्या कोयत्या करतात हे मला माहीत होतं. पण माझ्या सरदार पणजोबांच्या तलवारीच्या जागी ट्रकचा पाटा? आणि तो काढला तर ट्रक परत रस्त्यावर येणार नाही. बाबांना हे कोण विचारणार?

मीच विचारलं. केबिनच्या दारात उभं राहून, गुंडाळं परत देता देता. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

"आनी खाणी सुरू जाल्यो जाल्यार?" एवढंच म्हणाले.

मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो तर ट्रक डाव्या बाजूला खांदा टाकून उभा होता. बाबा जमिनीवर पोतं अंथरून बसले होते, हात ग्रीसने कोपरापर्यंत काळे, गुडघे धरलेले. शेजारी पाटा. पुढच्या डाव्या चाकाचा, सगळ्यांत वरचा, मेन. त्यांनी तो एकट्याने जॅक लावून काढला होता.

"सारको बांद," म्हणाले. "वाटेर पडलो जाल्यार पांय मोडटलो तुजो."

दसऱ्यानंतर ते माझ्याशी प्रथमच दोन वाक्यं बोलले.

पाटा बघून लोहार खूश झाला. त्याच्यावरून हात फिरवला, मधल्या भोकात बोट घातलं. पाट्याला मधोमध एक भोक असतं. त्यातून बोल्ट जातो आणि सगळे पाटे एकत्र धरतो. आठवड्याने मी गेलो तेव्हा पातं लांब झालं होतं, सरळ, सुरेख, मी वाचलं होतं अगदी तसं. आणि मुठीच्या वर दोन बोटांवर ते भोक तसंच.

मी म्हटलं, हे बुजवा.

"कित्या?"

"मानाची तलवार आहे. लोक हसतील."

"भोक बुजवलंय तर ती खंयची म्हणान कशी कळतली?"

पुढच्या दोन खेपा या भोकापायी गेल्या. मी विनवलं, रागावलो, वर पितळेचं फूल बसवा म्हटलं. त्याने यंत्र सुरू केलं. त्याची बायको मला म्हणाली, "झिला, माज्या लग्नात ह्येनी मंगळसूत्र सोन्याचा केल्यानी, पण तार लोखंडाची घातल्यानी. कित्या म्हणान मी अजून इचारणंय. तू दोन खेपात काय जिंकतलंस?"

शिगम्याला चार दिवस राहिले. निरोप आला, तलवार तयार आहे, बापाशीक घेवन ये. मी म्हापशाहून लाल मखमलीचं म्यान आणलं होतं. बाबांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांचे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, वाटेत समोरून आलेला पदेर, पाववाला, उंड्यांच्या टोपलीसकट रस्त्याच्या कडेला झाला.

लोहाराने त्या दिवशी शर्ट घातला होता. इस्त्रीचा. माझ्या अकरा खेपांना पंचा, आणि आज शर्ट. मी पुढे झालो, दोन्ही हात पसरले, चेहरा प्रसंगाला शोभेल असा केला. तो माझ्या बाजूने गेला. खरंच बाजूने, एखाद्या खांबाला वळसा घालून जावं तसा. तलवार दोन्ही तळव्यांवर आडवी धरून तो बाबांसमोर उभा राहिला, त्यांच्या हातांकडे बघितलं, नखांतलं ग्रीस अजून गेलं नव्हतं, आणि वाकून म्हणाला,

"घेवा, सरदारानु."

यात चेष्टा नव्हती. मला पाच महिने चेष्टेत म्हटलेला शब्द त्याने खरा करून माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिला.

बाबांनी तलवार उचलली, मनगटात फिरवली. मग भोकावर अंगठा ठेवला. "सेंटर बोल्ट," म्हणाले.

"होय," लोहार म्हणाला. "थंयच ठेवलंय."

"धार?"

"नाय. नाचूची असा."

बाबा हसले. मी म्यान घेऊन उभा होतो. ते तलवारीला बसलंही नाही, रुंदीला कमी पडलं.

शिगम्याच्या दिवशी गावकराने तलवार तपासायला घेतली. चुलत भाऊ वाकून म्हणाला, "परत मोडकी हाडल्या." गावकराने भोकात बोट घातलं. त्याच्या मुलाचे तीन ट्रक होते, तिन्ही भंगारात गेले. त्याने बोट बराच वेळ काढलं नाही. मग तलवार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नाच." मी नाचलो. दोन तास नाचलो आणि मनगट दुखलं नाही, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं.

पुढे चुलत भाऊही लाटंबार्स्याला गेला. त्यालाही भोकाची तलवार हवी होती. लोहाराने विचारलं, तुझा ट्रक खंय? तो म्हणाला, भंगारात विकला. "मगे भंगारवाल्याक सांग नाचूक," म्हणाला, आणि त्यानंतर वर्षभरात त्याने भट्टी बंद केली. ऐरण मात्र हरमलला नेली आहे म्हणतात. लेकीकडे उतरलेल्या गोऱ्या लोकांच्या हातांकडे बघत बसतो.

तलवार आमच्या घरात देवापाशी नाही. ती ट्रकच्या केबिनमध्ये आहे, सीटच्या मागे, आणि केबिनची चावी बाबांच्या करगोट्याला. म्हणजे घोडा माझा, मान माझा, आणि दरवर्षी शिगम्याच्या दिवशी फेटा बांधून, कमरेला घोडा लटकवून मला एका कलत्या ट्रकच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. वाड्यावरची पोरं बघायला जमतात. बाबा काच खाली करतात. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. माझ्या हातांकडे बघतात, आणि जन्मभर कोंकणी बोललेला, मालवणी कधीच न बोललेला तो माणूस विचारतो,

"काय कापतलंस?"

"कायच ना, बाबा," मी म्हणतो. "नाचूची आसा."

मग ते दार उघडतात.